टाळ्यांचं बटण

घरी जाऊन संगीत शिकवण्याच्या कामाला तीन गोष्टी लागतात, असा माझा बरीच वर्षं समज होता: एक शिकणारा, एक शिकवणारा आणि एक वाद्य. हा समज किती मागासलेला आहे, ते मला भिंगरीच्या घरी कळलं. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रेरणा. ती भरपूर असली की बाकीच्या तिन्हींवाचून कोणाचं काही अडत नाही.

भिंगरी आठ वर्षांची. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. घरात ती बसल्या जागी गोल गोल फिरायची, म्हणून भिंगरी. तिचे बाबा एका मोठ्या कंपनीत कर्मचाऱ्यांचा उत्साह वाढवणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. कर्मचारी पगार वाढवा म्हणाले की त्यांना बाबांकडे पाठवत, असं मी ऐकून होते. आई घरून काम करायची आणि मुलं कशी वाढवावीत यावरची व्याख्यानं कानात घालून भांडी आवरायची. आजोबांना ऐकू कमी यायचं. संगीताच्या बाबतीत त्या घरात तेच सर्वांत सुखी होते.

पहिल्या दिवशी मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली. नव्या मुलांना मी आधी एक धून वाजवून दाखवते. चार ओळींची, सोपी, मीच बसवलेली. त्यामुळे ती फोनवर शोधून सापडत नाही. ती ऐकली की मुलांची बोटं शिवशिवायला लागतात आणि पुढचं काम निम्मं होतं. मी वाजवायला लागले तशी भिंगरी फिरायची थांबली आणि तोंड उघडं टाकून कीबोर्डला चिकटून उभी राहिली. तीन ओळी झाल्या. चौथीला हात घालणार, तोच बाबांनी पंजा वर केला.

"एक मिनिट, मॅडम. हे तुम्ही फारच छान वाजवताय."

"थँक यू," मी म्हटलं.

"नाही, तक्रार आहे ही. पहिल्याच दिवशी एवढं छान ऐकलं तर तिला वाटेल, आपल्याला हे कुठलं जमायला."

"जमत नाहीच तिला. म्हणून तर मला बोलावलंत ना?"

आईने झडप घालून भिंगरीचे कान झाकले. "'नाही' हा शब्द आम्ही हिच्यासमोर वापरत नसतो हं, मॅडम. त्याच्याऐवजी 'अजून' म्हणतो."

"बरं. तिला जमत अजून," मी म्हटलं. वाक्य लंगडं झालं, पण वातावरण सुधारलं.

भिंगरीने आईचे हात कानांवरून ओढून काढले. "टीचर, शेवट कसा आहे? तुम्ही मधेच थांबलात. ती संपते कशी?"

मी बोट उचललं. बाबा मधे आले. "ते तू स्वतः शोधून काढशील, बाळा! केवढी मजा! टीचर आता नुसतं बघणार."

त्या दिवसापासून संगीतशिक्षिकेने त्या घरात वाद्य वाजवू नये, असा नियम झाला. गुणगुणणंही त्यातच आलं. मी आजवर खूप घरं पाहिली आहेत. एका घरी कुत्रा माझ्या पर्सवर झोपायचा, एका घरी शिकवणी चालू असताना मिक्सर लावायचे. पण शिकवणारीला वाजवायची बंदी असलेलं घर हे पहिलंच. खरं तर तिथेच कानाला खडा लावून उठायला हवं होतं. पण दारापर्यंत सोडायला भिंगरी आली आणि हळूच म्हणाली, "टीचर, मी शेवटापर्यंत पोहोचणार हं." मी पाघळलेच. या पोरीला ती चौथी ओळ ऐकवल्याशिवाय हे घर सोडायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

पुढच्या वेळी गेले तर सोफा वाद्यासमोर ओढलेला आणि त्यावर सगळं घर ओळीने बसलेलं. बाबांनी कार्यपद्धती समजावून सांगितली. प्रत्येक चार सुरांनंतर टाळ्या. "आमच्या ऑफिसात छोट्या यशाचं तातडीने कौतुक करतात," ते म्हणाले. मोठं यश मिळाल्यावर काय करतात, हे मी विचारलं. तशी वेळ अजून आलेली नव्हती.

मी नुसत्या बोटाने पट्ट्या दाखवल्या आणि भिंगरीने चार सूर वाजवले. बाबा "वा!" म्हणाले, आई "कित्ती गोड!" म्हणाली आणि दोघांनी टाळ्या वाजवल्या. ते थांबल्यावर आजोबांच्या लक्षात आलं की काहीतरी झालं, आणि त्यांनी सुरू केल्या. आजोबा वाजवतायत म्हणून त्यांचा मान राखायला आई-बाबांनी परत वाजवल्या. हे सगळं शांत होईपर्यंत पाचवा सूर कोणता, ते भिंगरी विसरून गेली. मग पहिल्यापासून. असं करता करता तास संपला आणि तास संपल्याबद्दलही टाळ्या झाल्या.

'चूक' या शब्दाची त्या घरातून हकालपट्टी झालीच होती. चुकीच्या सुराला 'वेगळा सूर' म्हणायचं आणि त्याचं जास्त कौतुक करायचं, कारण त्यात धाडस असतं. एके दिवशी भिंगरीने माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं, कोपर वर उचललं आणि धाडकन पट्ट्यांवर आपटलं. शेजारच्या घराची खिडकी लागल्याचा आवाज आला.

"वा! काय आत्मविश्वास!" बाबा सोफ्यावरून उठलेच.

टाळ्या चालू असताना भिंगरी माझ्या कानाशी लागली. "टीचर, मी कोपराने वाजवलं."

"पाहिलं मी."

"मग हे टाळ्या कशाला वाजवतायत?"

"प्रोत्साहन देतायत."

"कोपराला?" भिंगरी म्हणाली. "तसं नाही," म्हणता म्हणता मी "तसं अजून," म्हणाले.

कौतुकाचा भार पुढे माणसांना झेपेना. आजोबांचे तळहात सुजले. आई टाळ्या वाजवायला गेली आणि गॅसवरचं दूध ओट्यावरून खाली आलं. बाबांना ऑफिसातून यायला उशीर व्हायचा. प्रेरणेच्या पुरवठ्यात असा खंड पडणं धोक्याचं होतं. तेव्हा बाबांनी नवा कीबोर्ड आणला. त्यात दाराची घंटा, घोड्याच्या टापा असे भलभलते आवाज होते आणि उजव्या कोपऱ्यात एक लाल बटण होतं. ते दाबलं की गच्च भरलेल्या सभागृहात पडाव्यात तशा टाळ्या पडायच्या. मधे एक जण शिट्टीही वाजवायचा.

"हे बटण आता भिंगरीनेच दाबायचं," बाबा म्हणाले. "चार सूर, बटण. चार सूर, बटण. म्हणजे प्रेरणा आतून येईल."

"आतून म्हणजे कीबोर्डच्या?" मी विचारलं. पण बाबांना टोमणे कळत नसत. त्यांच्या विभागात टोमण्यांवर आधीच बंदी होती.

चार सूर, बटण. चार सूर, बटण. तिसऱ्या ओळीपर्यंत आम्ही पोहोचलो आणि भिंगरीचा चेहरा उतरत चालला. ती फिरेनाशी झाली. तास सुरू व्हायच्या आधीच जांभया द्यायला लागली. बाबांनी तातडीची बैठक बोलावली. मी, आई, आजोबा आणि भिंतीवर लावायचा एक पांढरा फळा.

"उत्साह खाली येतोय," बाबा फळ्यावर उतरती रेघ ओढून म्हणाले. "कारण काय? आपण मुळाशी जाऊ. उत्साह कधी कमी होतो? चुकल्यावर. सॉरी, वेगळं झाल्यावर. आणि वेगळं कधी होतं? वाजवल्यावर. म्हणजे मूळ अडचण वाजवण्यात आहे."

"अगदी बरोबर," आई म्हणाली.

"काय म्हणतोय हा?" आजोबांनी मला विचारलं.

"वाजवणं बंद करूया म्हणतायत," मी ओरडून सांगितलं.

"छान, छान," आजोबा म्हणाले. त्यांना वाटलं, चहा येतोय.

अशा रीतीने उत्साह पूर्ववत होईपर्यंत वादन स्थगित करण्यात आलं. कीबोर्डवर चादर पडली. मी ठरल्या वेळी जायचे, भिंगरीसमोर बसायचे आणि माणसाने स्वप्नं कशी मोठी पाहावीत ते सांगायचे. माझी स्वतःची तेव्हा एकच बारीकशी इच्छा होती, की ती चादर उचलावी. तिसऱ्या का कुठल्याशा तासाला भिंगरीने पाय आपटला. "मला वाजवायचंय! मला शेवट ऐकायचाय!"

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंत, मॅडम? काम करतेय पद्धत! एवढी तळमळ कधी पाहिली होती का तुम्ही?"

"मग वाजवू द्या ना तिला!"

"आत्ता? आणि ही तळमळ वाया घालवू? छे छे!"

मी कपाळावर हात मारून घेतला. तोही त्यांना उत्साहाचाच प्रकार वाटला.

स्थगिती उठली ती बाबांच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे. त्याचा मुलगा संगीत मंडळाची पहिली परीक्षा पास झाला आणि त्याने प्रमाणपत्राचा फोटो सगळ्यांना पाठवला. दुसऱ्या दिवशी चादर निघाली. आता पुरेसा उत्साह साठलाय, असं बाबांचं मत पडलं. आवडीची एक धून पूर्ण वाजवायची, एवढीच परीक्षा होती. भिंगरीने अर्थात माझीच धून घेतली.

आम्ही कामाला लागलो. नियम तेच: चार सूर, बटण. पोरगी हुशार, भराभर शिकली. चौथ्या ओळीचे तुकडेही तिला यायला लागले. पण तुकडेच. मधे मधे सभागृह दणाणायचं, तो शिट्टीवाला शिट्टी मारायचा, आणि धून कुठे हरवायची कोणास ठाऊक. एक दिवस शेवटचा तुकडा वाजवून तिने बटण दाबलं आणि मला विचारलं, "टीचर, शेवट केव्हा येणार?"

"अगं, आला की. आत्ता वाजवलास तोच शेवट."

तिचा चेहरा इतका पडला की मला धड बघवेना. "मग मला कळला कसा नाही?" ती म्हणाली. बाबा सोफ्यावर बसून फोनकडे बघत "सुपर!" म्हणाले.

परीक्षा एका शाळेच्या वर्गात होती. बाकं भिंतीला लावलेली, मधोमध मंडळाचा जुना कीबोर्ड, टेबलामागे एक वाळके परीक्षक आणि त्यांच्यापुढे गार झालेला चहा. परीक्षकाच्या चेहऱ्यावर कुठलीही भावना दिसू नये, असा मंडळाचा नियम आहे. त्या गृहस्थांना तो पाळायला कष्ट पडत असतील असं वाटलं नाही. घरच्या मंडळींना बाहेर थांबवलं. स्टुलाची उंची नीट करून द्यायला म्हणून मला आत घेतलं, आणि "शिक्षकांनी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही" असं बजावून कोपऱ्यात बसवलं.

भिंगरीने चार सूर वाजवले आणि उजवा हात कोपऱ्याकडे नेला. तिथे काही नव्हतं. तिने कीबोर्डच्या खाली चाचपलं, मागे वाकून पाहिलं.

"काय शोधतेस?" परीक्षकांनी विचारलं.

"टाळ्या."

"काय?"

"टाळ्यांचं बटण. चार सूर झाले की दाबायचं असतं. आमच्याकडे आहे."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"ते कशाला?" त्यांनी विचारलं.

"प्रेरणा मिळते."

"मिळते का?"

हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलाच नव्हता. तिने नीट विचार केला. "नाही. पण त्याच्याशिवाय मला पुढचं आठवत नाही."

परीक्षकांनी नियमांचं पुस्तक काढून चाळलं. "टाळ्यांची तरतूद नाही."

"मग मी थांबू?"

"थांबण्याचीही तरतूद नाही."

इतक्यात बाहेरून बाबांचा आवाज आला, "भिंगरी, तू करू शकतेस!" आणि त्यापाठोपाठ आजोबांच्या एकट्याच्या टाळ्या. परीक्षक उठले, दार लावलं, कडी घातली आणि परत येऊन बसले. "हे बघ, बाळ," ते म्हणाले. "इथे कोणी टाळ्या वाजवणार नाही. मी ऐकणार आहे. चुकलीस तर मला कळेल. वाजव."

त्या पोरीला असं कोणी कधी बोललं नव्हतं. मला वाटलं, आता रडणार. पण ती स्टुलावर ताठ झाली, बाही वर सारली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. चार सूर झाले. हात कोपऱ्याकडे निघाला आणि अर्ध्यातून परत आला. पहिली ओळ संपली. दुसरी संपली. तिसरीत ती ठेचकाळली, सावरली, आणि मग घाईघाईने का होईना, चौथीत शिरली. मी मुठी आवळून बसले होते. शेवटच्या सुरावर तिने बोट तसंच दाबून ठेवलं, आवाज पार विरेपर्यंत.

"अय्या!" भिंगरी म्हणाली. "टीचर, ही परत पहिल्या सुरावर येते! फिरून घरी येते!"

"येते, बाई, येते!" माझ्या तोंडून निघून गेलं. नियम मोडला, पण माझे डोळे भरून आले होते आणि मला कसलीही फिकीर नव्हती. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या परीक्षेतही झाला नव्हता.

परीक्षकांनी चहाचा कप उचलला. "तिसऱ्या ओळीतला दुसरा सूर चुकला. आणि शेवटी घाई केलीस."

भिंगरीचा चेहरा उजळला. "तुम्हाला कळलं? कुठे? परत वाजवू?"

चूक सांगितल्यावर खूश झालेला उमेदवार त्या गृहस्थांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. कप त्यांनी तोंडासमोर जरा जास्तच वेळ धरला. "तरतूद नाही," ते म्हणाले. "पण वाजव."

बाहेर आल्याबरोबर भिंगरीने बाबांच्या अंगावर उडी मारली. "बाबा, माझी चूक निघाली! तिसऱ्या ओळीत! त्यांनी सगळं ऐकलं, बाबा!"

बाबांचा रंग उडाला. "चूक? कोणी काढली?"

मुलगी आनंदाने गिरक्या घेत असताना तिच्यावर झालेल्या मानसिक आघाताची तक्रार त्याच संध्याकाळी मंडळाकडे गेली. परीक्षक होण्यासाठीचा माझा अर्ज तिथे गेली कित्येक वर्षं विचाराधीन आहे, पण ही तक्रार तिथे कोणाच्या तरी मनाला भिडली. लगेच परिपत्रक निघालं. यापुढे परीक्षकांनी दर चार सुरांनंतर टाळ्या वाजवाव्यात. ज्यांना संगीत कळत असल्याने ते जड जाईल, त्यांच्यासाठी प्रशिक्षण शिबिर ठेवण्यात येईल. शिबिराच्या उद्घाटनाला प्रमुख वक्ते म्हणून भिंगरीच्या बाबांना बोलावलं, आणि आमच्या त्या वाळक्या परीक्षकांना पहिल्या रांगेत बसवलं.

भाषण दणक्यात झालं. लोक वाक्यावाक्याला टाळ्या वाजवत होते. परतताना गाडीत बाबांनी सगळ्यांना विचारलं, "कसं झालं?" आई म्हणाली, छान. आजोबा म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही, पण फार छान झालं." भिंगरी म्हणाली, "बाबा, तू तिसरा मुद्दा दोनदा बोललास. आणि शेवटी घाई केलीस."

पुढच्या तासाला बाबांनी मला बाल्कनीत गाठलं. "मॅडम, हे काय शिकवलंत तिला? दोन दिवस मला जेवण गोड लागत नाहीये."

"तिचं म्हणणं चूक होतं का?"

"तो मुद्दाच नाहीये!" बाबा म्हणाले. "एवढ्या लोकांना आवडलं आणि हिला तेवढंच दिसलं?"

"ती एकटीच ऐकत होती ना," मी म्हटलं. बाबांनी बाल्कनीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाले, हिची शिकवणी तुमच्या घरी घेता येईल का, घरात जरा शांतता हवी आहे. मी एका पायावर तयार झाले. आता भिंगरी माझ्याकडे येते, दार लावून घेते, वाजवते, आणि मी तिच्या चुका काढते. आमची फार मजा चालते.

ही सगळी हकीकत मी गोष्ट म्हणून लिहून काढली आणि आमच्या संगीतशिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवली. सगळे "वा! छान!" म्हणाले. एकाने तर फोनवरून मान वर न काढता "अगदी डोळ्यांसमोर उभं राहिलं" असं सांगितलं. मी हवेत तरंगत घरी आले आणि भिंगरीलाही वाचून दाखवली. तिने हनुवटीला हात लावून शेवटपर्यंत ऐकली.

"टीचर, मधे लांबलंय," ती म्हणाली. "आणि यात सगळे वेडे आणि तुम्ही एकट्याच शहाण्या, असं झालंय."

मला असा काही राग आला म्हणता! एवढ्याशा पोरीला गोष्टीतलं काय कळतं? मी वही मिटली, तिला तालाचे अवघड धडे दिले, आणि संध्याकाळी त्या फोनवाल्या शिक्षकांना घरी बोलावून गोष्ट पुन्हा वाचून दाखवली. ते पुन्हा छान म्हणाले, तेव्हा कुठे माझ्या घशाखाली घास उतरला.

तर तुम्हीही आता इथवर आलाच आहात, तेव्हा मधे लांबलंय वगैरे काही मनात आणू नका. नुसतं 'छान' म्हणा आणि मोकळे व्हा. अवघड नाही, पुतणीच्या नाचाचा व्हिडिओ आला तेव्हा तो न उघडताच म्हणालात, अगदी तसं.